दुधाचा आळ

शेजारच्या अफरोजच्या घरी नातू झाला आणि घुट्टी द्यायला हुस्नाबीला बोलावणं आलं नाही.

बोरी अरबच्या त्या मोहल्ल्यात कोणाचंही लेकरू जन्मलं की त्याच्या तोंडात मधाचं पहिलं बोट हुस्नाबीचं, हे इतकं ठरलेलं होतं की कोणी विचारायच्याही फंदात पडत नसे. घुट्टी देणाऱ्याचा स्वभाव लेकराला लागतो म्हणतात, आणि हुस्नाबीच्या तोंडून वाकडा शब्द कोणी ऐकला नव्हता. भिंतीपलीकडं लेकरू रडत होतं, बायकांची ये-जा चालली होती. हुस्नाबी धुतलेली ओढणी घेऊन उंबऱ्यावर तयार बसली होती. दुपारी कळलं, घुट्टी सकाळीच झाली. दारव्ह्याहून कोणी मामी आणली होती.

अफरोज येऊन दोन शब्द भांडली असती तरी चाललं असतं. भांडायला समोर माणूस लागतो. इथं कोणी काही म्हणालंच नव्हतं, नुसतं बोलावलं नव्हतं, आणि त्याला उलटून काय बोलणार?

कारण सगळ्यांना माहीत होतं. हुस्नाबीची थोरली लेक अस्मा हिचा डावा स्तन गेल्या साली नागपूरला काढून टाकला. अस्माच्या सासरच्यांनी तिला बरी होईस्तोवर म्हणून माहेरी आणून सोडलं आणि मग तिकडचा रस्ताच विसरले. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा आजार घराण्यातून आलेला आहे. त्या एका वाक्यावर गावानं आपली हुशारी चालवली. अस्मा हुस्नाबीच्या अंगावर दोन वर्षं प्यायली, म्हणजे हुस्नाबीच्या दुधातच ते होतं. धाकटी कहकशां झाली तेव्हा हुस्नाबी तापानं फणफणलेली, दूध आटलेलं. ती पोरगी बकरीच्या दुधावर वाढली. म्हणून कहकशां वाचली. सगळं कसं नीट जुळलं, आणि जुळलं की गाव पुढं विचार करत नाही.

हुस्नाबी उठली आणि मागच्या टिनाच्या शेडात गेली. तिथं तिचा नवरा सरदार पिंजणयंत्र चालवत होता. गाद्या-रजया भरणं हा या घराचा धंदा. सरदार यंत्रात कापूस लोटायचा, हुस्नाबी आणि अस्मा खोळीत रुई पसरून, काठीनं सारखी करून टाके घालायच्या, कहकशां शिलाई मशीनवर खोळी शिवायची. त्या साली कापसाचे हाल होते. फवारणीनं माणसं आंधळी होऊन यवतमाळच्या दवाखान्यात पडली होती, आणि एवढं विष मारूनही बोंडात अळी होतीच. बाजारात यायचा तो पिवळा, डागाळलेला कवडी कापूस. यंत्रातून रुईपेक्षा कचरा जास्त निघायचा, आणि तो तांबूस धुराळा चौघांच्या नाकातोंडात बसायचा. अस्माला डावा हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता. ती उजव्या हातानं टाके घालायची आणि डावा मांडीवर ठेवायची, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

त्या दिवशी सगळे कामात असताना कांताबाई आली. कांताबाई आणि तिचा नवरा श्रावण समोरच्या बौद्धवाड्यातले. तिची शीला आणि हुस्नाबीची अस्मा एकाच महिन्यात जन्मल्या. तेव्हा कांताबाई विषमज्वरानं पडलेली. हुस्नाबीनं दोन्ही लेकरं दोन बाजूंना घेऊन पाजली होती. "माही शीला दोन मायांची हाय," असं कांताबाई भर बाजारात सांगत आलेली. आज ती शेडाच्या दारातच थांबली.

"हुस्नाबी, माह्या शीलाची छाती दुखून राह्यली," ती म्हणाली. "पोट्टी जेवत नाही, झोपत नाही."

"वेचणीनं दुखत असन वं. दिवसभर कापसाची ओटी कमरेले बांधून वाकाचं म्हणजे..."

"वेचणी मी बी करतो. माही नाही दुखत." कांताबाईचा आवाज फाटला. "मी तुह्यं दूध नाही पेलो."

यंत्र चालूच होतं, तरी ते वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं. सरदारनं बटण बंद केलं. तोंडावरचं फडकं खाली ओढलं. बायकोची बाजू घेईल असं वाटलं असेल कोणाला, तर तो म्हणाला, "माफी माग तिची. लेकराबाळाचा सवाल हाय."

हुस्नाबीनं मागितली. "माफ कर कांता," म्हणाली. ज्या दुधानं त्या पोरीचा जीव वाचला त्याच दुधाची तिनं माफी मागितली, आणि मागताना हात जोडले. आजही ते आठवलं की संताप येतो.

अस्मा मात्र सुई फेकून उठली. "कायची माफी? डॉक्टरीनबाईनं मले सामने बसवून सांगतलं. दुधानं होत नाही हे. जन्माच्या आधीच येते, मायकडून नाही तं बापाकडून. दूध पाजा नाही तं नका पाजू."

"बापाचं तपासलं ना?" सरदार म्हणाला. "मी गेलतो ना रगत द्याले? माह्यात काहीच नाही निघालं. मंग राह्यलं कोण?"

"अम्मीचं कोणी तपासलं?"

"तिचं कायले तपासाचं? दिसूनच राह्यलं."

हुस्नाबी जोडलेले हात अजून तसेच धरून होती. ते तिनं खाली घेतले. "माह्यं बी रगत काढा," ती म्हणाली. "निघालं तं मी अफरोजच्या दारात उभं राहून साऱ्या मोहल्ल्याले सांगन, माहंच दूध खराब होतं म्हणून. पण आधी काढा."

"उगाच नागपूरची खेप," सरदार पुटपुटला आणि त्यानं यंत्र पुन्हा सुरू केलं.

नागपूरला तिघी गेल्या. हुस्नाबी, अस्मा आणि शीला. शीला सगळ्या रस्त्यानं खिडकीकडं तोंड करून बसली होती. लहानपणापासून ती हुस्नाबीला बडी अम्मी म्हणायची. त्या दिवशी काहीच म्हणाली नाही.

डॉक्टरीनबाईनं आधी शीलाला पडद्याआड नेऊन तपासलं, मग फोटो काढायला पाठवलं. तोवर हुस्नाबीचं रक्त घेणं चाललं. नर्सला शीर सापडेना. दोनदा टोचून झालं. हुस्नाबीनं बाही आणखी वर केली आणि म्हणाली, "काढा बाई, कितीबी टोचा. मले सुईचं काही वाटत नाही."

शीलाचे फोटो पाहून डॉक्टरीनबाई म्हणाल्या, "काही नाही. ओझ्यानं स्नायू दुखावलाय. तुमचं आणि यांचं रक्ताचं नातं काय?"

"यायचं दूध पेलो मी."

"ते नातं मोठं आहे. पण या आजारात ते मोजत नाहीत." त्या हसल्या नाहीत, सरळ शीलाकडं बघून बोलल्या. "दुधातून हा दोष येत नाही. एका थेंबानंही नाही. इतर बायकांनी जेवढी काळजी घ्यायची तेवढीच तुम्ही घ्या."

शीला तिथंच खुर्चीत रडायला लागली. हुस्नाबीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि शीलानं तो झटकला नाही.

"आणि कहकशां कुठं आहे?" डॉक्टरीनबाईंनी विचारलं. "तिला आणा म्हणून निरोप दिला होता."

"कोणाजवळ?" अस्मानं विचारलं.

"घरी दिला होता," बाई एवढंच म्हणाल्या.

अस्मा आणि हुस्नाबी एकमेकींकडं बघत राहिल्या. घरी कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं.

रक्ताचा निकाल यायला महिन्यावर वेळ होता. कहकशांनं दोनदा विचारलं, "मले कायले बलावलं होतं अब्बा?" सरदार म्हणाला, "असंच. त्याहीची पद्धत असते. तू बकरीच्या दुधाची, तुले काय होते?" कहकशांचं पांढरकवड्याला जमलं होतं. मुलगा आसिम, हायवेवर ट्रक दुरुस्तीचं गॅरेज. दिवाळी उलटल्यावर आसिमची आई आणि दोन काका तारीख धरायला आले. हुस्नाबीनं चहा केला, बशीत शेव-चिवडा काढला. आसिमची आई पोरीकडं पाहत म्हणाली, "अस्माचं आईकलं आमी. म्हणून साफ इचारतो, हे पोट्टी तं...?"

"कहकशां बकरीच्या दुधावर वाढली," सरदार पटकन बोलला. "माईचा एक थेंब पोटात नाही तिच्या. साऱ्या मोहल्ल्याले इचारा."

"तं बरंच झालं," ती बाई म्हणाली आणि हुस्नाबीच्या हातातून चहाचा कप घेतला.

हुस्नाबी ट्रे घेऊन आत आली आणि चुलीपुढं बसून राहिली. लेकीला आपल्या छातीचं दूध मिळालं नाही म्हणून ती तेव्हा किती रडली होती, हे त्या घरात सरदारएवढं कोणालाच माहीत नव्हतं. तोच आता ती गोष्ट पाहुण्यांपुढं मिरवत होता. इतका राग तिला जन्मात आला नव्हता, आणि तो कुठं ठेवायचा हेही तिला माहीत नव्हतं. तिनं भांडी घासायला घेतली. आधीच घासलेली होती, तरी घासली.

निकाल ऐकायला पुन्हा तिघी गेल्या. शीलाचं तिथं काही काम नव्हतं, पण ती म्हणाली, "बडी अम्मीसंग मी येतो."

"तुमच्यात तो दोष नाही," डॉक्टरीनबाई म्हणाल्या. "हुस्नाबी, तुमच्याकडून अस्माला काही आलेलं नाही."

हुस्नाबीनं विचारलं, "मंग कोठून आलं?"

"आईकडून नाही, तर एकच बाजू उरते."

"पण त्याहीच्यात तं काही निघालं नोतं."

"त्यांचं मी तुम्हाला सांगू शकत नाही. तो त्यांचा हक्क आहे. तुम्ही त्यांनाच विचारा." मग त्या पुढं झुकल्या. "कहकशांला आणा. तिच्यात असेल किंवा नसेल, दोन्हीची शक्यता सारखीच. नसेल तर ती सुटली. असेल तर दरवर्षी तपासू, सुरुवातीलाच पकडू; या दोषानं छातीसारखाच गर्भपिशवीजवळही कॅन्सर होतो. अस्माचं उशिरा कळलं. तिचं तसं होऊ देऊ नका."

बसमध्ये अस्मानं आईचा हात धरला. "अम्मी, तू सुटली."

"सुटली कायची?" हुस्नाबी म्हणाली. "मले बांधलं कोणी होतं? कायच्यासाठी?"

घरी पोचल्या तेव्हा शेडात यंत्र चालू होतं. सरदार फडकं बांधून कापूस लोटत होता, कहकशां स्वतःच्याच लग्नाच्या रजयांच्या खोळी शिवत होती. नागपुरात काय झालं हे ऐकायला कांताबाई आधीच येऊन बसली होती. हुस्नाबीनं पायातली चप्पल न काढता सरळ जाऊन बटण दाबलं. यंत्र घरघरत थांबलं. मग ती भिंतीकडं तोंड करून ओरडली, "अफरोज! ये इकडं. सारं सोडून ये."

हुस्नाबी ओरडली, हेच मोहल्ल्याला नवीन होतं. अफरोज ओल्या हातानंच आली.

"माह्यात काही नाही," हुस्नाबी म्हणाली. "आता तुमी बोला अस्माचे अब्बा. तुमच्या रगतात काय निघालं होतं?"

सरदारनं दारातल्या बायकांकडं पाहिलं. "आत चल. आत बोलू."

"आत नाही. माफी मले बाहेर मागाले लावली होती."

तो खोकला. धुराळ्याचा खोकला होता, पण त्यानं तो लांबवला. सगळ्या वाट पाहत राहिल्या. खोकला संपल्यावर त्याच्याजवळ दुसरं काही उरलं नाही.

"निघालं होतं," तो म्हणाला.

"मंग खोटं काहून बोलले?"

"समजून घे. पोट्टीचं जमत होतं. तुह्या एकटीच्या दुधावर गेलं तं तुह्यावरच राह्यते, तुह्यं काय, वय झालं आता. माह्या रगतावर गेलं तं साऱ्या खानदानावर जाते. मंग हे पोट्टी कोण नेते?"

काय हिशेब मांडला होता माणसानं! एका बाईच्या तोंडाला काळं फासलं की बाकी सगळं घर पांढरं राहतं. शीलाची झोप उडाली, कांताबाईनं जन्माचं नातं तोडलं, हे त्याच्या हिशेबात कुठंच नव्हतं. कांताबाई खाली मान घालून बसली होती. तिला शरम वाटत होती आणि वाटायलाच हवी होती.

कहकशांनं मशीनवरचं कापड बाजूला सारलं. "अब्बा, मले कधी सांगणार होते?"

"निकाह होऊन जाऊ दे म्हटलं."

"काहून? निकाहनं काय होते?"

"मंग..." सरदारनं फडक्यानं तोंड पुसलं. "मंग तुह्या घरच्याहीची जिम्मेदारी असते ना बेटा. ते दाखवतीन डॉक्टरले."

कहकशां त्याच्याकडं बघत होती. चोवीस वर्षांची पोर, बापाच्या शब्दाबाहेर कधी गेलेली नव्हती.

"कवडी कापूस तळाशी भरून वरून चांगल्या रुईचा थर देते, तशी खपवून राह्यले होते तुमी मले," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाले गादी घरी नेल्यावर समजते."

"असं नको बोलू. बाप हाय मी तुहा."

"म्हणूनच बोलून राह्यलो. दुसऱ्या कोणी केलं असतं तं मले एवढी चीड नसती आली." तिनं फोन उचलला आणि सगळ्यांसमोर आसिमला लावला. "मी कहकशां. आमच्या घरचा दोष अब्बाकडून आला, अम्मीकडून नाही. बकरीच्या दुधाचं जे सांगतलं त्याचा काही उपेग नाही. माह्यात बी असू शकते. मी मंगळवारी नागपूरले रगत द्याले जाऊन राह्यलो. यायचं असन तं या, नाही तं मोडलं म्हणून तुमच्या अम्मीले सांगून टाका."

आसिम म्हणाला, "अम्मीशी बोलतो," आणि फोन कटला.

"बोलू दे," कहकशां म्हणाली. शीला उठून तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

सरदारला वाटलं असावं, झालं तेवढं झालं. तो बटणाकडं हात नेत होता. हुस्नाबीनं विचारलं, "तुमची बहीण जैतूनबी कायनं गेली?"

"पोटात पाणी झालं होतं. तुले मालूम हाय."

"पोटात पाणी कायनं झालं होतं?"

त्याचा हात बटणावरच राहिला. "डॉक्टर म्हणे, पिशवीजवळचा कॅन्सर."

"आमाले अल्सर सांगतलं होतं तुमी," अस्मा म्हणाली.

"तिच्या दोन पोट्ट्या होत्या लग्नाच्या. कसं सांगू?"

म्हणजे हे पहिल्यांदा नव्हतं. ह्या माणसाला याची सवयच झाली होती, आणि दर वेळी त्याच्याजवळ लग्नाचं कारण तयार होतं. जैतूनबीच्या त्या दोन्ही लेकी आता बाभुळगावात लेकराबाळांत होत्या. आपल्या आईला काय झालं होतं हे त्यांना आजपर्यंत माहीत नव्हतं.

"उद्या बाभुळगावले जाचं," हुस्नाबी म्हणाली. "तुमच्या तोंडानं सांगाचं. मी संग येतो, कारण तुमच्या तोंडाचा मले आता भरोसा नाही."

"फोनवर सांगतो ना."

"नाही. तिथं जाऊन, सामने बसून."

रात्रभर सरदार कूस बदलत राहिला. हुस्नाबी झोपली. कित्येक महिन्यांनी तिला गाढ झोप लागली.

बाभुळगावात शकीला, जैतूनबीची थोरली, अंगणात बाजेवर बसून लेकराला पाजत होती. मामाला पाहून तिचा चेहरा खुलला. "मामू! असे अचानक? मामीले बी घेऊन आले!" ओढणी सावरत तिनं सासूला चहा ठेवायला सांगितलं. सरदार बाजेच्या कडेला टेकला. त्यानं बसच्या गर्दीचं सांगितलं. बोंडअळीचं सांगितलं. कवडी कापसानं यंत्राचे दात कसे खराब होतात ते सविस्तर सांगितलं. शकीला हो हो करत ऐकत होती. चहा आला, कप रिकामा झाला.

"यंत्राचे दात पुरे झाले," हुस्नाबी म्हणाली. "बोला."

सरदारनं कप खाली ठेवला. "शकीला, तुह्या अम्मीले अल्सर नोता." मग त्यानं सांगितलं. अडखळत, मधेच थांबत, पण सगळं सांगितलं. बहिणीच्या कॅन्सरचं, अस्माचं, स्वतःच्या रक्ताचं. नागपूरला जाऊन तपासून घ्या, दोघीही, हेही सांगितलं.

शकीला आधी नुसती ऐकत राहिली. मग तिनं खाली मांडीवरच्या लेकराकडं पाहिलं आणि एकदम त्याला छातीपासून ओढून वेगळं केलं. लेकरू किंचाळलं. "याले काही झालं तं नसन ना?" ती घाबरून म्हणाली. "माह्यं दूध..."

सरदारनं हुस्नाबीकडं पाहिलं. तिनं बोलावं असं त्याला वाटत होतं, आजवर असं अवघड बोलणं तिनंच केलेलं होतं. हुस्नाबी जागची हलली नाही. तिनं तोंड घट्ट मिटलं होतं आणि ती त्याच्याकडं रोखून बघत होती. लेकरू रडून लाल झालं.

"पाज त्याले," सरदार म्हणाला. "पाज बेटा. दुधात काही नसते. दुधात कधीच काही नोतं. हे आपल्या रगतात हाय, माह्या रगतात. तुह्या मामीच्या दुधाले मी उगाच बदनाम केलं."

शकीलानं लेकराला पुन्हा जवळ घेतलं. ते चटकन शांत झालं. ती मामाकडं बघत राहिली. मघाचा आनंद तिच्या चेहऱ्यावर आता कुठंच नव्हता.

"तुमाले कधीपासून मालूम होतं?" तिनं विचारलं.

सरदारनं तेही सांगितलं.

एका हातानं लेकरू सावरत शकीलानं दुसऱ्या हातानं फोन काढला आणि पलीकडच्या गल्लीतल्या धाकट्या बहिणीला लावला. "ये लवकर, मामू आले. नाही, सैपाक राहू दे, तशीच ये." फोन बाजेवर टाकून ती सरदारला म्हणाली, "ती आली का तिले बी सांगा. पहिल्यापासून."